जुनं लाकडी कपाट घेताना नेमकं काय तपासावं?

आधी ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. कपाटाचं वय पॉलिशपेक्षा तिथल्या सांध्यांत जास्त कळतं. हाताने कापलेले सांधे थोडे असमान असतात. अगदी एकसारखे असतील तर यंत्रकाम, म्हणजे बहुधा १९व्या शतकाच्या उत्तरार्धातलं किंवा नंतरचं. मग मागची फळी आणि पाय उजेडात बघा. बारीक भोकं जुनी असतील तर चालेल, पण त्यातून ताजी भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे. असं कपाट उपचाराशिवाय घरात आणूच नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका. आणि मूळ पॉलिश शाबूत असेल तर कृपा करून खरवडू नका, ते परत येत नाही! उंच कपाट भिंतीला पक्कं बांधा. कपडे टांगायचे असतील तर आतली खोली मोजा, साधारण ५५-६० सेंमी लागते.