वाचकांचे प्रश्न : फिनलंडचे जेवण कुठे आणि केव्हा जेवावे?

प्रश्न : माझा मुलगा हेलसिंकीशेजारच्या एस्पो शहरात नोकरीला आहे. जूनच्या उत्तरार्धात मी आणि माझे यजमान त्याच्याकडे राहायला जाणार आहोत. मी शाकाहारी आहे, पण दूध आणि अंडी चालतात. यजमान मासे आवडीने खातात. नातेवाईक सांगतात की पिठे-मसाले घरून न्या आणि बाहेर जेवायची वेळ आलीच तर भारतीय हॉटेल गाठा. इतक्या लांब जाऊन तिथल्या लोकांचे जेवण न चाखता परतणे मला पटत नाही. मुलगा म्हणतो की पिझ्झा, सुशी, नेपाळी जेवण हे सगळे सहज मिळते, फिनिश जेवण मात्र शोधावे लागते. ते कुठे शोधावे?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे निरीक्षण बरोबर आहे, मात्र ते बहुधा संध्याकाळी शोधत असावेत. फिनलंडमधील साधे, रोजचे जेवण लोक घरी जेवतात किंवा कामाच्या दिवशी दुपारी बाहेर जेवतात. संध्याकाळी मुद्दाम बाहेर पडले, तर त्यांनाही आपल्यासारखेच काही वेगळे हवे असते. दुपारच्या गरम जेवणाला त्या देशात मोठा मान आहे. 1948 पासून तिथल्या शाळांतील सर्व मुलांना ते विनामूल्य मिळते आणि पुढे नोकरीतही ती सवय सुटत नाही. म्हणून सोमवार ते शुक्रवार, साधारण अकरा ते दोन या वेळेत, ज्या दारावर ‘लौनास’, म्हणजे दुपारचे जेवण, अशी पाटी दिसेल तिथे आपण निःशंक आत जावे. आधी पैसे भरायचे, ताट स्वतः वाढून घ्यायचे आणि जेवण झाल्यावर ते ठरलेल्या मांडणीवर नेऊन ठेवायचे, अशी तिथली रीत आहे. साधारण 12 ते 15 युरोंत कोशिंबिरी, राईची (मोहरी नव्हे, गव्हासारखे ‘राय’ हे धान्य) पाव-भाकरी, लोणी, गरम पदार्थ आणि बहुतेक ठिकाणी कॉफीही मिळते. तेच हॉटेल संध्याकाळी याच्या दुप्पट पैसे घेते आणि पदार्थही बेताचेच देते, म्हणून दिवसाचे मुख्य जेवण दुपारी उरकणे खिशालाही परवडते.

गुरुवारी वाटाण्याचे घट्ट सूप आणि त्यानंतर ओव्हनमध्ये भाजलेला जाड गोड पॅनकेक, ही जोडी देशभर ठरलेली आहे. या सुपात परंपरेने डुकराचे मांस असते, परंतु शाकाहारी सूपही अनेक ठिकाणी ठेवतात. उन्हाळ्यात नवे बटाटे, गाजर, मटार आणि फ्लॉवर दुधात शिजवून केलेले ‘केसाकेइत्तो’ कुठे दिसले, तर ते अवश्य घ्यावे. मात्र त्यात मांसाचा अर्क नाही ना, एवढे विचारून घ्यावे. पाटीवर पदार्थाच्या नावापुढे असलेले ‘एल’ म्हणजे लॅक्टोजविरहित आणि ‘जी’ म्हणजे ग्लुटेनविरहित. ही अक्षरे शाकाहाराची खूण नव्हेत. शाकाहारासाठी ‘कास्विस’ हा शब्द पाहावा.

दुसरी जागा म्हणजे मंडई. हेलसिंकीच्या दक्षिण बंदरालगत 1889 साली उघडलेली जुनी मंडई आहे. लाल-पिवळ्या विटांची ती लांबट इमारत आतून लाकडी गाळ्यांनी भरलेली आहे आणि तिथे यजमानांना साल्मन माशाचे सूप मिळेल. साल्मनचे मोठे तुकडे, बटाटा, लीक कांदा, साय आणि वरून भरपूर शेपू, सोबत राईच्या पावाचा तुकडा. शेपूची भाजी नको म्हणणारी माणसेही हे सूप दुसऱ्यांदा मागतात. दुसरी मंडई हाकानिएमी भागात आहे. ती 1914 सालची असून अनेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली. पर्यटक पहिलीकडे अधिक वळतात. निवांत बसायचे असेल तर मी दुसरी सुचवेन. रविवारी मंडयांतील बरेच गाळे बंद असतात.

आपल्यासाठी मंडईतील खरा पदार्थ म्हणजे कारेलियन पिराक्का. राईच्या पिठाची पापडासारखी पातळ पोळी लाटतात, मध्ये दुधात शिजवलेल्या तांदळाची घट्ट खीर पसरतात, दोन्ही कडा चिमटीने मुरडत आणतात आणि कडक आचेच्या ओव्हनमध्ये भाजतात. ती गरम असतानाच वर उकडलेले अंडे कुस्करून घातलेले लोणी लावायचे. खीर इथे गोड नसते, मिठाची असते, हे पहिल्या घासाला लक्षात ठेवावे. हा पदार्थ मूळ पूर्वेकडील कारेलिया प्रांताचा. दुसऱ्या महायुद्धात त्या प्रांताचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला, तेव्हा चार लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून उरलेल्या फिनलंडभर विखुरली आणि त्यांच्या चुलीवरचा हा पदार्थ साऱ्या देशाचा झाला. आज तो किराणा दुकानातही मिळतो, पण बेकरीतील ताजा आणि दुकानातील वेष्टनातला यांत पुष्कळ अंतर आहे.

याच मंडईत ‘लेइपायूस्तो’ नावाचे भाजलेले चपटे चीज पाहावे. पूर्वी ते नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकापासून करत, म्हणजे आपल्या खरवसाचेच ते भावंड म्हणायचे. ते कोमट करून क्लाउडबेरीच्या केशरी मुरंब्याबरोबर खातात आणि चावताना दातांखाली किरकिर वाजते. चीज घट्ट करायला रेनेट वापरतात, आणि ते पुष्कळदा वासराच्या जठरातून काढलेले असते, तेव्हा आपला शाकाहार कडक असेल तर ते कोणते वापरले आहे, हे विचारून घ्यावे.

बंदराजवळच्या उघड्या चौकात उन्हाळ्यात तंबूंची दुकाने लागतात. तिथे मुइक्कू नावाचे बोटभर मासे राईच्या पिठात घोळवून लोण्यात तळून देतात. ते काट्यांसकट खायचे असतात. कागदी ताटली हातात घेऊन उघड्यावर उभे राहू नये, कारण तिथले समुद्रपक्षी हातातला घास उचलून नेतात. स्ट्रॉबेरी आणि मटारच्या शेंगा याच चौकात वजनाऐवजी लिटरच्या मापाने विकतात. फिनिश माणसे त्या शेंगा तिथेच सोलून कच्च्या खातात आणि आपणही तसेच करावे.

एक तारीख मात्र आधी पाहून ठेवावी. 20 ते 26 जूनच्या दरम्यान येणाऱ्या शनिवारी ‘युहान्नुस’ हा मध्य उन्हाळ्याचा सण असतो. आदल्या शुक्रवारपासूनच शहर रिकामे होते आणि मंडया आणि पुष्कळशी दुकाने, हॉटेले बंद राहतात. त्या दोन दिवसांचा शिधा घरी भरून ठेवावा. नवे बटाटे, लोणी आणि शेपू एवढ्यावर त्या दिवशी तिथले अर्धे जेवण होते.

दुपारच्या कॉफीसाठी 1852 पासून चालत आलेले एकबेर्ग किंवा 1891 साली सुरू झालेले फात्सेर, यांपैकी कुठेही बसावे आणि ‘कोर्वापूस्ती’ मागवावी. दालचिनीच्या या गोड पावाच्या कणकेत जाडसर कुटलेला वेलदोडा असतो. आणि एक संध्याकाळ खर्च करायचीच असेल, तर 1934 पासूनच्या ‘सी हॉर्स’मध्ये यजमानांना बाल्टिक समुद्रातील तळलेली हेरिंग मासळी खाऊ घालावी, सोबत कुस्करलेला बटाटा असतो.

प्रश्न : कंपनीच्या कामासाठी फेब्रुवारीत मला टाम्पेरे, कुओपिओ आणि रोव्हानिएमी येथे जायचे आहे. मी मांसाहारी आहे, मात्र गोमांस आणि डुकराचे मांस मला वर्ज्य आहे. त्या त्या गावची खासियत खाता येईल का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दोन गावांची सर्वांत प्रसिद्ध खासियत आपल्याला सोडावी लागेल, हे आधीच सांगितलेले बरे. टाम्पेरेचे काळे सॉसेज ‘मुस्तामाक्कारा’ रक्त आणि डुकराच्या मांसापासून करतात. कुओपिओचा ‘कालाकुक्को’ बाहेरून राईच्या पावासारखा दिसतो आणि माशांचा म्हणून ओळखला जातो, पण माशांबरोबर त्यात डुकराची चरबीदार चकती असते. केवळ ‘मासे आहेत’ एवढ्या उत्तरावर तिथे विसंबू नये. त्याऐवजी कुओपिओत, जे तळ्यांनी वेढलेले आहे, तळलेले मुइक्कू मागावेत. टाम्पेरेत 1901 सालच्या मंडईत दुपारी सूप किंवा मासे मिळतील.

रोव्हानिएमीत मात्र आपली फारशी अडचण नाही. रेनडिअरचे मांस गोठलेले असतानाच अगदी पातळ कापून चरबीत परततात, मग थोड्या पाण्यात मऊ शिजवतात आणि कुस्करलेल्या बटाट्यावर घालून लिंगनबेरीच्या आंबट ठेच्यासह वाढतात. काही ठिकाणी परतण्यासाठी डुकराची चरबी वापरतात, एवढे विचारावे. यादीत ‘पोस्सु’ म्हणजे डुक्कर, ‘नाउता’ म्हणजे गाय-बैल आणि ‘पोरो’ म्हणजे रेनडिअर. ‘याउहेलिहा’ हा खिमा बहुधा पहिल्या दोन्हींचा मिश्र असतो, म्हणून तो टाळावा.

आपण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोहोचलात, तर 5 फेब्रुवारीच्या रूनेबेर्ग दिनापर्यंत (रूनेबेर्ग हे फिनलंडचे राष्ट्रकवी) मिळणारा बदामाचा छोटा उभट केक कोणत्याही बेकरीत घ्यावा. त्यावर रासबेरीचा मुरंबा आणि साखरेचे कडे असते. सहकारी काळी गोळी पुढे करतील, तर ती ‘साल्मियाक्की’ असेल. तिच्यात ज्येष्ठमधाबरोबर चक्क नवसागर असतो, तेव्हा पहिल्यांदा अर्धीच खावी.