चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, तरी घशात आवंढा येतो तो कसा?

प्रश्न : आमचा एक हौशी ग्रुप आहे, शॉर्ट फिल्म करतो. मी आधी फक्त स्टेजवर कामं केलीयत. परवा एक सीन शूट केला, फोन येतो आणि वडील गेल्याचं कळतं, एवढाच. मी अगदी खरी रडले हो, सेटवरच्या दोघीतिघींनी पण डोळे पुसले, आणि नंतर स्क्रीनवर बघितलं तर माझी दाढ दुखतेय असं वाटत होतं! मोठे नट तर काहीच करत नाहीत, नुसते बघतात, आणि आपलं काळीज हलतं. ते नक्की काय करतात?

उत्तर : दाढेचं वाचून हसू आलं, सॉरी, पण निदान तुम्ही स्वतःच अचूक केलंय. स्टेजवर शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत दुःख पोचवायचं असतं म्हणून आपण ते चेहऱ्यावर मोठं करून मांडतो आणि ती सवय हाडात मुरते. क्लोजअपमध्ये तो शेवटच्या रांगेतला माणूस तुमच्या नाकासमोर येऊन बसलेला असतो. थिएटरच्या पडद्यावर तुमची एक भुवई माणसाएवढी लांब होते, ती जरा उचलली तरी ओरडल्यासारखं वाटतं. म्हणजे रडणं खोटं नव्हतं, मापच चुकलं.

पण फक्त 'कमी करा' म्हणून सोडून देणं मला पटत नाही, कारण कमी करायला गेलेले बरेच जण मग लाकडी होतात आणि त्यालाच सटल ॲक्टिंग म्हणत फिरतात. कॅमेऱ्याला भाव दिसतो त्याच्यापेक्षा भावातला बदल जास्त दिसतो. बातमी यायच्या आधी तुमचा चेहरा कुठे होता? माझा अंदाज, फोन वाजायच्या आधीपासूनच तुम्ही रडायच्या तयारीत बसला होतात, कारण स्क्रिप्ट तुम्हाला माहीत होती. सीनमधल्या त्या बाईला ती माहीत नाहीये. ती कपडे घड्या करतेय, फोन उचलते, आवाज ओळखीचा आहे म्हणून थोडं हसते सुद्धा, आणि मग शब्द कानात शिरतात पण डोक्यात शिरत नाहीत, ते अर्धं हसू तसंच चेहऱ्यावर लटकून राहतं कारण ते काढून घ्यायचं चेहऱ्याला कोणी सांगितलेलंच नाही. सीन तिथे आहे बघा. रडणं त्याच्या नंतरचं, आणि नाही आलं तरी चालतं.

दुसरं म्हणजे खऱ्या आयुष्यात माणूस रडायचा प्रयत्न करत नाही, रडू दाबायचा करतो. ओठ आवळतो, आवंढा गिळतो, हनुवटीला खळगे पडतात, श्वास अडकतो, मधेच एखादी फालतू गोष्ट विचारतो, गॅस बंद केला का वगैरे. बघणाऱ्याला ती झटापट दिसली की आतलं तो आपोआप ओळखतो. तुम्ही झटापटच केली नाहीत, सरळ बांध फोडलात.

भुवयांचंही सांगतो. खऱ्या दुःखात भुवयांची आतली टोकं, नाकाकडची, वर चढतात आणि कपाळाच्या मध्यावर आठ्या येतात. डार्विनने १८७२ च्या पुस्तकात यांना दुःखाचे स्नायू म्हटलंय आणि फार थोड्यांना ते मुद्दाम हलवता येतात अशी नोंदही केलीय. मग बाकीचे काय करतात, तर डोळे गच्च मिटून तोंड वाकडं करतात, आणि झाली तुमची दाढदुखी.

आता 'काहीच करत नाहीत' बद्दल. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने इव्हान मोझझुखिन या नटाचा एकच निर्विकार क्लोजअप घेतला आणि तो कधी सूपच्या प्लेटला, कधी शवपेटीला, कधी एका बाईच्या शॉटला जोडला. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात भूक, शोक आणि वासना दिसली असं सांगतात. ती फिल्म आता उरलेली नाही आणि किश्शाला मीठमसाला लागला असेलच, पण कुठल्याही एडिटरला विचारा, हे तो रोज करतो. १९३३ च्या 'क्वीन क्रिस्टिना' या हॉलिवूड सिनेमाच्या शेवटी राणी झालेल्या ग्रेटा गार्बो या नटीचा लांबलचक क्लोजअप आहे, राज्य सोडलेलं, प्रियकर मेलेला, जहाज निघालेलं, आणि दिग्दर्शक रूबेन मामूलियनने तिला सांगितलं होतं की चेहरा कोऱ्या कागदासारखा ठेव, काही विचारच करू नकोस. कागदावर प्रेक्षक लिहितो. पण हे चालतं कारण आधीचा अख्खा सिनेमा तिच्या मागे उभा आहे, हे विसरू नका! पहिल्याच सीनला कोरा चेहरा ठेवलात तर लोक मोबाईल काढतील.

नजरेची एक साधी ट्रिक, मायकेल केन या ब्रिटिश नटाने १९८७ मध्ये बीबीसीवर शिकवलेली. समोरच्या नटाच्या दोन्ही डोळ्यांत बघायला गेलात तर तुमची बुबुळं इकडून तिकडे पळतात, समोरासमोर ते कळत नाही, क्लोजअपमध्ये लगेच कळतं. म्हणून त्याचा एकच डोळा धरायचा, कॅमेऱ्याच्या जवळचा, म्हणजे तुमचा चेहरा लेन्सकडे जास्त उघडतो. पापण्यांचंही तेच, सारख्या लवल्या की माणूस कमजोर किंवा गोंधळलेला वाटतो. तुमचा सीन म्यूट करून परत बघा आणि पापण्या मोजा.

प्रश्न : नट खरंच रडतात की ग्लिसरीन असतं?

उत्तर : दोन्ही. ग्लिसरीन म्हणा किंवा डोळ्याखाली मेंथॉलची स्टिक, लावली की पाणी येतंच, आणि एकच सीन वाइड, मग क्लोज, मग समोरच्याच्या खांद्यावरून असा दिवसभर चालला तर प्रत्येक वेळी थेंब त्याच जागी कुठून आणणार. त्यात काही फसवणूक नाही. मेंथॉल पाणी देतं पण चेहरा देत नाही, हा खरा प्रॉब्लेम. नाट्यशास्त्रात अश्रू आठ सात्त्विक भावांत धरलेत, घाम, रोमांच, चेहऱ्याचा रंग उडणं यांच्या रांगेत, आणि सात्त्विक म्हणजे मन एकाग्र झाल्यावरच येणारं. नुसतं पाणी आणलंत तर बाकीचे सात जण गैरहजर, ते दिसतं.

प्रश्न : खोटं हसू लगेच ओळखू येतं असं म्हणतात, मग नट कसे खपवतात?

उत्तर : द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन केलेले प्रयोग छापले. त्याचं म्हणणं, ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपलं ऐकतो, डोळ्यांभोवतीचा ऐकत नाही, तो खऱ्या आनंदातच आवळतो. पुढे कळलं की बऱ्याच जणांना तोही मुद्दाम जमतो, नटांना तर जमायलाच हवा. माझ्या मते पकडलं जातं ते टायमिंगमुळे. खरं हसू हळूहळू पसरतं आणि हळूहळू विरतं, खोटं ट्यूबलाइटसारखं लागतं आणि कट म्हटल्याबरोबर विझतं. म्हणून समोरच्याने खरंच हसवावं, हाच स्वस्त उपाय. बरेच चांगले नट स्वतःचा क्लोजअप नसतानाही कॅमेऱ्यामागे उभं राहून समोरच्यासाठी पूर्ण ताकदीने डायलॉग देतात ते याचसाठी.

प्रश्न : आरशासमोर प्रॅक्टिस करावी का?

उत्तर : आपला चेहरा काय काय करू शकतो ते कळायला आठवडाभर करा. सीनची प्रॅक्टिस मात्र नको, नाहीतर शूटिंगच्या वेळी तुम्ही आरसाच शोधत बसाल.