पद्मश्रीसाठी नाव आपण सुचवू शकतो का?

प्रश्न : आमच्या भागात एक सुईणबाई आहेत, आयुष्यभर एक पैसा न घेता बायकांची बाळंतपणं केली त्यांनी. त्यांना पद्मश्री मिळावी असं वाटतं, पण आमदार-खासदाराची ओळख नाही. आणि मिळालीच तर पैसे, रेल्वे पास वगैरे काही मिळतं का?

उत्तर : अहो ताई, ओळख लागतच नाही! राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर कुणीही कुणाचंही नाव सुचवू शकतं, अगदी स्वतःचंसुद्धा चालतं. फक्त मुदत संपायच्या आत ऑनलाइन भरा. खरी मेहनत आहे ती 800 शब्दांच्या माहितीत, तिथे लोक 'थोर समाजसेविका', 'मायमाऊली' असलं काहीतरी लिहून जागा घालवतात, त्यापेक्षा कुठल्या वाड्यावस्त्यांवर गेल्या, रात्री-अपरात्री कशा पोचायच्या, अडलेल्या बाईला वेळेत दवाखान्यात कसं हलवलं, पुढे कुणाला शिकवलं का, हे लिहा. विशेषणं कमी, कामं जास्त.

मिळेलच असं नाही हं, वर्षाला पद्म पुरस्कार साधारण 120च्या आतच असतात, मरणोत्तर आणि परदेशस्थांचे वेगळे.

पैसे, पास काही नाही. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक, बस. आणि हो, नावाआधी 'पद्मश्री' लावायचं नसतं, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की हे किताब नाहीत, तरी लग्नपत्रिकांपासून फ्लेक्सपर्यंत सर्रास छापतात ते सोडा.

फॉर्म भरण्याआधी बाईंना एकदा विचारून घ्या मात्र.