वाचकांचे प्रश्न: रेशन बुक, कूपन आणि युद्धकाळातला बाजारहाट

गेल्या अंकात दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनमधल्या रेशनिंगवर लेख होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न (पुणे): आम्ही १९४२ च्या लंडनवर एकांकिका बसवतोय. बाई वाण्याकडे येते, पिशवीतून सुटी कूपनं काढून देते आणि सामान घेऊन जाते, असा प्रसंग आहे. चालेल का?

उत्तर: सर्वांत मोठी चूक म्हणजे तुमची बाई पैसेच देत नाही. कूपन म्हणजे पैसे नव्हेत. ती फक्त विकत घेण्याची परवानगी होती. ठरलेली किंमत मोजावीच लागे, आणि हातात पैसे नसतील तर कूपन वाया जाई. त्यामुळे तिला पाकीट उघडू द्या, चिल्लर मोजू द्या.

सुटी कूपनं आणणंही चूक आहे. गिऱ्हाइकानं रेशनचं आख्खं पुस्तक दुकानदाराच्या हातात द्यायचं. साखर-लोण्याचा त्या आठवड्याचा चौकोन तो पेन्सिलीनं किंवा शिक्क्यानं बाद करी. कपड्यांची कूपनं तो स्वतः कात्रीनं कापून घेई.

ही बाई कुठल्याही वाण्याकडे जाऊ शकत नव्हती, हेही लक्षात ठेवा. साखर, लोणी, बेकन, चीज यांसाठी एकाच दुकानात नाव नोंदवावं लागे. त्या दुकानाला माल मिळे तो नोंदलेल्या गिऱ्हाइकांच्या संख्येप्रमाणे, म्हणून दुसऱ्याची गिऱ्हाइकं घेणं त्याला परवडतच नसे. मांसासाठी खाटकाकडे वेगळी नोंदणी असे. डबाबंद मासे-मांसासारख्या मालासाठी मात्र १ डिसेंबर १९४१ पासून पॉइंट्स आले (म्हणजे ठरावीक गुण, कुठल्या मालावर खर्चायचे ते गिऱ्हाइकानं ठरवायचं), आणि ते कुठल्याही दुकानात चालत. प्रसंगात भांडण हवं असेल तर ते इथे सापडेल: नोंदणी एका दुकानात आणि माल दुसऱ्या दुकानाच्या खिडकीत.

रंगही सांभाळा. मोठ्या माणसाचं पुस्तक फिकट बदामी, शाळकरी मुलांचं निळं. गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालच्या मुलांचं हिरवं. हिरवं पुस्तक असेल तर दूध-अंडी जास्त मिळत आणि फळं आली की आधी नंबर लागे. कागदाची टंचाई होती, तेव्हा सामान गुंडाळायला बाईच्या टोपलीत घरचाच जुना कागद असू द्या.

प्रश्न (ठाणे): आम्ही चौघं शाकाहारी. त्या काळच्या रेशनवर एक आठवडा काढून पाहायचा विचार आहे. काय किती घ्यायचं?

उत्तर: प्रमाणं वरखाली होत राहिली. युद्धाच्या मधल्या वर्षांतलं दर माणशी दर आठवड्याचं साधारण प्रमाण असं: साखर २२७ ग्रॅम, चहा ५७, लोणी ५७, मार्गारिन (लोण्याऐवजी वापरायचा तेला-चरबीचा पदार्थ) ११३, तळणाची चरबी ५७, चीज ५७ ग्रॅम, दूध सुमारे पावणेदोन लिटर आणि मिळालंच तर एक अंडं. चौघांचं मिळून साखर ९०८ ग्रॅम आणि चहा २२८ ग्रॅम. आठवड्याच्या पहिल्या दिवशी सगळं तोलून चार डब्यांत काढा आणि बाकीचं कपाट बंद करा. रोज पिशवीतून काढत गेलात तर गुरुवारीच हिशेब कोसळेल.

मांसाचं कूपन सोडून दिलेल्या शाकाहाऱ्यांना जादा चीज मिळे. म्हणून तुम्ही चीज थोडं जास्त धरलंत तरी ते खरंच आहे. चरबी अनेकदा डुकराची असायची, त्याऐवजी तेवढंच वनस्पती तूप घ्या.

पहिला फटका चहाला बसेल असं वाटतं, पण आधी संपते ती साखर. कपाला चहापत्ती दोन ग्रॅम धरली तर ५७ ग्रॅममध्ये २८ कप होतात, म्हणजे दिवसाला चार. कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे नऊ ग्रॅम साखर घातलीत तर २८ कपांना अडीचशे ग्रॅम लागेल, आणि मिळालीय २२७. शिरा, सरबत, आमटीतला गूळ अजून लांबच. पहिल्या दिवसापासून एका चमच्यावर या.

दुसरी अडचण फोडणीची. मार्गारिनमध्ये पाणी असतं. मोहरी लगेच टाकलीत तर ती तडतडत नाही, नुसती शिजते. आधी मंद आचेवर फेस बसेपर्यंत थांबा, मग मोहरी घाला आणि लगेच भाजी टाका, नाहीतर करपट वास येतो. चौघांची सगळी चरबी मिळून आठवड्याला ९०८ ग्रॅम होते, म्हणजे दिवसाला १३० ग्रॅम. पावाला लावायचं आणि फोडणीचं त्यातच.

बटाटे, ओट, पाव आणि हंगामी भाज्या युद्धात रेशनवर नव्हत्या, तेव्हा पोट त्यांवर भरा. पाव मैद्याचा नको. १९४२ पासून ८५ टक्के उतारा असलेल्या (म्हणजे गव्हाचा ८५ टक्के भाग ठेवलेल्या) पिठाचा करडा पाव मिळे, त्याला आपल्याकडचा गव्हाचा पाव जवळचा. (पावावर रेशन आलं ते युद्ध संपल्यावर, १९४६ ते १९४८.) तांदूळ आणि डाळी मात्र १९४२ च्या सुरुवातीला पॉइंट्सवर गेल्या, म्हणून वरण-भाताचे दिवस मोजून ठेवा. कांदाही सहज मिळत नसे, कारण तो येई फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातून आणि चॅनल बेटांवरून, आणि १९४० मध्ये तो भाग जर्मनांच्या ताब्यात गेला. आठवड्यात दोनच कांदे ठेवून स्वयंपाक केलात तर त्या घरांची खरी ओढाताण कळेल.

अंडं चालत असेल तर त्या काळची अमेरिकन अंड्याची भुकटीही घ्या. चार आठवड्यांनी एक पाकीट मिळे, त्यात बारा अंडी. एक सपाट मोठा चमचा भुकटीला दोन मोठे चमचे पाणी. सगळं पाणी एकदम ओतलं की गुठळ्या होतात. आधी थोड्या पाण्यात पेस्ट करा, मग उरलेलं घाला आणि पाच मिनिटं मुरू द्या.

प्रश्न (कोल्हापूर): एका कार्यक्रमासाठी १९४३ चे पुरुष आणि स्त्री पोशाख शिवायचे आहेत. कूपनचा कपड्यांवर कितपत परिणाम झाला होता?

उत्तर: फार. कपड्यांचं रेशनिंग १ जून १९४१ ला सुरू झालं. पहिल्या वर्षाला माणशी ६६ कूपनं. आधी कुणाला सुगावा लागला असता तर दुकानं रिकामी झाली असती, म्हणून वेगळं पुस्तक न छापता अन्नाच्या पुस्तकातली मार्गारिनची जादा कूपनंच वापरली. पुढे हा वाटा कमी होत गेला.

पहिल्या वर्षाचा पुरुषाचा हिशेब करून पाहू. सूट २६, ओव्हरकोट १६, बूट ७, झाले ४९. दोन सुती शर्ट १०, मोज्यांचे दोन जोड ६. उरलं एक कूपन, त्यात एक नेकटाय. आतले कपडे राहिलेच. म्हणून सूट दरवर्षी कुणी घेत नसे. जुनाच उसवून, उलटा करून, कोपरांना ठिगळ लावून चालवत. बाईचा लोकरी झगा ११, सुती ७, स्टॉकिंगचा जोड २. सुती कापडाला वाराला २ कूपनं लागत, म्हणजे साडेतीन वारात झगा बसवता आला तर शिवण्यात कूपनांची बचत काहीच नाही, फायदा फक्त मापाचा.

शिवताना १९४२ चे काटकसरीचे नियम पाळा. पँटच्या पायाला बाहेरची दुमड नको, कोट दुहेरी छातीचा नको, बाहीवर शोभेची बटणं नकोत. झग्याला दोन खिसे, पाच बटणं, यापलीकडे जाऊ नका. लांब मापाची पँट घेऊन घरी दुमड घालणारे होते, तेव्हा एखाद्या पात्राला ती दिलीत तर शोभेल. सगळ्यांनाच नवे आखूड कपडे घालू नका. रस्त्यावर बहुतेकांच्या अंगावर युद्धाआधीचेच कपडे होते. नव्या स्वस्त ‘युटिलिटी’ कपड्याच्या आत ‘सीसी ४१’ ही खूण असे. त्यातले दोन सी कापलेल्या चीजच्या चकतीसारखे दिसतात.

टोप्यांना कूपन नव्हतं. खिडक्या झाकायच्या काळ्या कापडालाही नव्हतं, म्हणून त्याचे परकर-झगे झाले. वापरलेले कपडेही ठरावीक दरात कूपनाशिवाय मिळत.

प्रश्न (नाशिक): साबणावर रेशन कशासाठी?

उत्तर: साबण चरबी आणि तेलाचा, आणि तीच जहाजातून आणावी लागे. ९ फेब्रुवारी १९४२ पासून चार आठवड्यांना चार कूपनं. एका कूपनात ११३ ग्रॅम कपड्यांचा किंवा ८५ ग्रॅम अंगाचा साबण. तान्ह्या बाळांना जादा, दाढीचा साबण रेशनबाहेर. उरलेले तुकडे बरणीत साठवून गरम पाण्यात विरघळवत आणि ती खळ भांड्यांना वापरत. पातेली, टॉर्चचे सेल यांना कूपन नव्हतं, पण मालच नसे. तिथे रांग हेच रेशन.

प्रश्न (मुंबई, गिरगाव): आमची आजी रेशनच्या दुकानाला शेवटपर्यंत ‘कंट्रोल’ म्हणायची. त्याचा या युद्धाशी संबंध आहे का?

उत्तर: थेट आहे. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. मुंबईत मे १९४३ मध्ये धान्याचं रेशनिंग सुरू झालं. जूनमध्ये कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम निघाला, त्यानंतर गिरण्यांना ठाणावर (कापडाच्या ताग्यावर) किरकोळ विक्रीची कमाल किंमत छापावी लागे. ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्द तिथला. आजीच्या ट्रंकेत त्या वेळचं कोरं कापड असेल तर आधी शेवटचा पदर उलगडा, शिक्का तिथे असण्याची शक्यता जास्त. ओल्या फडक्यानं पुसू नका, शाई पसरते. सोबत मध्ये भोक असलेला तांब्याच्या रंगाचा पैसा सापडला तर तोही जपा. १९४३ पासून धातू वाचवायला तो तसा पाडला होता.