"पण मी ओरडले नाही ना, मॅडम"

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे एक मुलगी यायची. नाव, गाव, नोकरी सगळं बदललंय आणि तिला विचारूनच लिहितेय. आपण तिला मेघा म्हणू. वय चोवीस, पुण्यात नोकरी, दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट. आली होती झोप लागत नाही म्हणून. रक्त तपासून झालं होतं, थायरॉईड नॉर्मल, गोळ्या चालू होत्या तरी रात्री तीनला टक्क जागी.

पहिली दोन सेशन ती ऑफिसच्या टार्गेटवरच बोलली. तिसऱ्या वेळी निघताना दाराच्या कडीवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, एखादी मुलगी ओरडली नाही तर तिची संमती होती असं धरतात का?" मी म्हटलं बस गं, आणि बाहेर थांबलेल्या पेशंटला सॉरी म्हणून दुसऱ्या दिवशीची वेळ दिली, कारण असा प्रश्न कडीपर्यंत यायला कित्येक महिने लागलेले असतात.

तो ग्रुपमधलाच, तीन वर्षांची ओळख. पाऊस थांबेपर्यंत बसतो म्हणाला, तिने चहा केला, मैत्रिणी गावी गेलेल्या. ती "नको" म्हणाली, मग "अरे काय करतोयस" म्हणाली, आणि त्यानंतर तिच्या तोंडून शब्दच फुटला नाही. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर लाल आकडे बदलत होते, 220, 222, 219, ती ते वाचत राहिली. हे आकडे सांगताना तिने ओढणीच्या टोकाला गाठ मारली, सोडवली, परत मारली. नंतर त्याने पाणी मागितलं आणि तिने दिलं. रात्री साडेदहाला तिनेच मेसेज केला, "पोचलास का?"

त्या ग्लासभर पाण्याने आणि त्या दोन शब्दांनी तिची झोप घालवली होती. जवळच्या मैत्रिणीला सांगून बघितलं तर ती म्हणाली, "अगं मग ओरडायचं ना, शेजारी काका होते की." त्यानंतर तिने कुणालाच सांगितलं नाही.

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या जणी विचारतात की मला वाटतं एकदा सविस्तर लिहावंच. भीती हाताबाहेर गेली की काही माणसं झटापट करतात, काही पळतात आणि पुष्कळ जणांचं अंग थिजतं. हात उचलत नाही, आवाज निघत नाही. यात ठरवणं बिरवणं काही नसतं, मेंदू विचार करायच्या आधीच शरीर तसं वागून मोकळं होतं. स्वीडनमध्ये 2017 साली एक अभ्यास आला होता, अत्याचारानंतर तिथल्या विशेष दवाखान्यात आलेल्या 298 बायकांचा, त्यातल्या 70 टक्के जणींनी त्या वेळी अंग असं थिजल्याचं सांगितलं होतं. आणि आपल्याला हे नवीन का आहे? दातखीळ बसली, वाचा बसली, पाय जमिनीला खिळले, हातपाय गळाले, किती शब्द आहेत आपल्याकडे! फक्त ते या बाबतीत वापरायचे असतात हे आपण विसरतो.

आणि मेसेजचं. ज्याच्याशी रोजचं बोलणं आहे त्याने असं केलं की मन ते लगेच मान्यच करत नाही, काही झालंच नाही, नेहमीचाच दिवस होता असं करून बघतं. ग्रुप तोच, सोमवारी ऑफिस तेच. म्हणून मुली पाणी देतात, मेसेज करतात, कधी कधी वाढदिवसालासुद्धा जातात. त्यामुळे आदल्या संध्याकाळचं "नको" पुसलं जात नाही.

मग मी तिला मथुरा नावाच्या मुलीवरच्या बलात्काराची केस सांगितली. ही आपल्याच महाराष्ट्रातली, 26 मार्च 1972, देसाईगंजचं पोलीस ठाणं, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत. गरीब आदिवासी मुलगी, आरोपी ठाण्यातलेच दोन पोलीस. सेशन कोर्टाने सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, म्हणालं की भीतीने गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, आणि 1978 ला सुप्रीम कोर्टाने परत सोडलं. का, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. म्हणजे मेघाच्या मैत्रिणीने विचारलं तेच. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सुप्रीम कोर्टाला खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, 1983 ला कायदा बदलला. 2013 च्या बदलात तर सरळ लिहिलं गेलं की बाईने अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं धरायचं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्येही तेच आहे, संमती म्हणजे स्वतःच्या इच्छेने दिलेला स्पष्ट होकार. मी मोबाईलवर काढून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परत वाचा ना."

(नवऱ्याच्या बाबतीत मात्र कायदा हे अजून बोलत नाही, बायको अठराच्या वर असेल तर बलात्काराच्या व्याख्येतून तो बाहेर. मला हे अजिबात पटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या लग्न झालेल्या बायकांना हे सांगताना दर वेळी जीभ जड होते.)

तिच्या आईला बोलवायचं तिनेच ठरवलं. आई आल्या, खुर्चीच्या टोकावर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट. पहिलं वाक्य, "दार हिनेच उघडलं ना?" मग स्थळं यायला लागलीत, लोक काय म्हणतील, हे सगळं एका दमात. मला त्यांचा राग आला नाही. ती बाई घाबरलेली होती आणि तिच्या भीतीला दुसरे शब्दच माहीत नव्हते. मेघाला बाहेर बसवून मी विचारलं, ताई, भीतीने तुमचं कधी असं झालंय का? बराच वेळ गप्प होत्या, मग सांगायला लागल्या, मेघा सहा महिन्यांची, झोळीत झोपलेली आणि झोळीखाली नाग. "दातखीळच बसली माझी. लेकरू समोर आणि मला हाक मारता येईना, सासरे आले म्हणून..." मी म्हटलं, मग तेव्हा कुणी विचारलं का तुम्हाला, की नाग यावा अशी तुमची इच्छा होती का? त्यांनी पदर तोंडाला लावला. मी पुढे काही बोलले नाही.

आता थोडं कामाचं, कारण वेळेला हे आठवत नाही. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्ही टाळायची औषधं 72 तासांच्या आत घ्यायची, जितकं लवकर तितकं बरं. सरकारी असो की खाजगी, हॉस्पिटलला उपचार लगेच आणि मोफत द्यावे लागतात. त्यांना पोलिसांना कळवावं लागतं हे खरं, पण तपासणीला हो म्हणायचं की नाही हे सज्ञान बाई स्वतः ठरवते आणि नाही म्हटलं म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. ती योनीत दोन बोटं घालून करायची तपासणी कुणी करायला लागलं तर ते गैरवर्तन आहे असं सुप्रीम कोर्टाने 2022 ला स्पष्ट सांगितलंय. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, झिरो एफआयआर म्हणतात त्याला, आणि बलात्काराच्या तक्रारीला मुदत नसते. पीडितेचं नाव छापणं, पसरवणं हा गुन्हा आहे, व्हॉट्सॲपवाल्यांनी हे नीट वाचावं. मदतीला 112 आणि 181. मुलगी अठराच्या आतली असेल तर कळवणं कायद्याने बंधनकारक, मलासुद्धा.

मेघाने अजून तक्रार दिलेली नाही. द्यायची की नाही हे ती ठरवेल, मी ढकलणार नाही. तो "पोचलास का" मेसेज ती डिलीट करायला निघाली होती, मी म्हटलं राहू दे, त्या चॅटमध्ये दोन दिवसांनी त्याने लिहिलेलं "सॉरी, त्या दिवशी जरा जास्तच झालं" पण आहे. सगळ्याचे स्क्रीनशॉट तिने स्वतःलाच ईमेल करून ठेवलेत.

परवा आईंचा फोन आला. "मॅडम, ती आज जेवली नाही, नुसती बसून आहे. मी तिच्याशी काय बोलू ते नाही विचारत, काय बोलू नको तेवढं सांगा."