उधारी एकाची, वसुली दुसऱ्यांकडून

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. नऊ वर्षांच्या असताना बक्षीस मिळालेले चित्र तुम्ही वडिलांना दाखवायला नेलेत, त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता ‘ठेव तिथे’ म्हटले आणि आठवडाभराने तेच चित्र तुम्हाला कपाटाच्या खणात, कपड्यांखाली अंथरलेले दिसले. आज तुम्ही ४१ वर्षांच्या आहात. इतरांवर माया केली की जुने दुःख सुटते, असे कोणी सांगितल्यापासून तुम्ही घरात आणि कार्यालयात सगळ्यांसाठी राबता, आजारपणात धावून जाता. सल मात्र तसाच आहे, आणि कोणी साधी विचारपूस केली नाही की तो अधिकच टोचतो. मायेने दुःख सुटते हे खोटे आहे का, असे तुम्ही विचारता.

खोटे नाही, पण अर्धवट आहे. तुमच्या पत्रात ‘इतके करूनही’ हे शब्द चार वेळा आले आहेत आणि माझ्या मते सारी अडचण तिथेच आहे. वडिलांकडून जे यायचे राहिले, ते तुम्ही सहकारी, नणंद आणि मैत्रिणी यांच्याकडून वसूल करू पाहता; त्या बिचाऱ्यांना आपल्या नावावर एवढी थकबाकी आहे याची कल्पनाही नसते, त्यामुळे त्या हसून आभार मानतात आणि कामाला लागतात, आणि तुम्हाला पुन्हा एकदा ‘ठेव तिथे’ ऐकू येते.

म्हणून मायेच्या आधी एक काम करावे लागेल. तुम्ही लिहिता, ‘वडिलांवर माझा राग नाही’, आणि पुढची दोन पाने रागाने भरलेली आहेत. तो राग असू द्या. तो कागदावर उतरू द्या. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातील क्लेशदायक प्रसंगाविषयी लिहायला सांगितले होते. लिहून झाल्यावर त्यांची मने आधीपेक्षा जड झाली होती, परंतु घटना आणि तिच्याविषयीच्या भावना असे दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. तेव्हा पहिल्या दिवशी रडू आले तर वही मिटू नका. मात्र झोप उडाली किंवा दिवसचे दिवस उदास जाऊ लागले, तर लेखन थांबवून समुपदेशकांची मदत घ्या.

आता मायेविषयी. पत्राच्या अगदी शेवटी, जणू जाता जाता, तुम्ही लिहिले आहे की तुमचा सहा वर्षांचा भाचा रेघोट्यांची यंत्रे काढून आणतो, तेव्हा तुम्ही हातातले ठेवून त्याच्याजवळ बसता, ‘हे चाक कशाला?’ असे विचारता आणि ‘तेवढा वेळ बरे वाटते’. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाचे उत्तर या ओळीत आहे. तिथे तुम्ही काहीच मोजत नाही. तुम्हाला जे मिळाले नाही, नेमके तेच तुम्ही देता, आणि नऊ वर्षांच्या त्या मुलीला चित्राकडे कसे पाहायला हवे होते, हे तुमच्याच डोळ्यांना कळते. एवढेच जपा, की त्या मुलाला तुमच्या दुःखाचे औषध करू नका. एखाद्या दिवशी तो चित्र न दाखवता खेळायला पळाला, तर त्याला पळू द्या. बाकीचे राबणे निम्म्यावर आणलेत तरी चालेल. ज्यांना तुमच्या मदतीची सवय झाली आहे ते थोडे कुरकुरतील, कुरकुरू द्या.

वडिलांवर आत्ताच प्रेम करायला हवे, असे मला वाटत नाही. क्षमेवर अनेक वर्षे संशोधन केलेले रॉबर्ट एनराइट हेही क्षमा आणि दिलजमाई या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. वडिलांचे वय झाले आहे. त्यांची औषधे, तपासण्या तुम्ही पाहता, तेवढे पुरे आहे. जिव्हाळ्याचे सोंग आणू नका, आणि त्यांना तो प्रसंग आठवत नाही म्हणून तो घडलाच नाही, असेही स्वतःला समजावू नका.

त्या चित्राचे पुढे काय झाले, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते अजून त्या खणात असेल, तर पुढच्या खेपेला कपडे बाजूला करून काढून आणा. त्यासाठी कोणाला विचारण्याची गरज नाही.