जपानी येत नाही, मुलं सोबत आणि टोकियो

प्रश्न: ह्यांच्या कंपनीच्या कामासाठी आम्ही तीन आठवडे टोकियोला चाललोय. हे दिवसभर कामावर. मुलगा 8 वर्षांचा, मुलगी 5 वर्षांची. जपानी शून्य, इंग्रजी मोडकंतोडकं. मुलांना घेऊन एकटीनं बाहेर पडायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. सासूबाई म्हणतात, हॉटेलातच बसा. त्यात आम्ही शाकाहारी.
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर: ताई, दोन मुलांना तीन आठवडे एका खोलीत सांभाळणं हे टोकियो फिरण्यापेक्षा अवघड आहे. बाहेर पडाच. पूर्व भागात राहता, म्हणजे शेजारी तेलुगू आणि बाजारात कन्नड कानावर पडतच असतं. सगळं समजत नसलं तरी बोट दाखवून, आकडा सांगून तुमचं काम भागतं. तिथंही आकड्यांवरच चालायचं.

मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनला नावासोबत एक इंग्रजी अक्षर आणि नंबर असतो. गिंझा लाइनवर उएनो म्हणजे जी 16, असाकुसा जी 19. उएनोहून असाकुसाला जाताना पुढचं स्टेशन 17 असेल तर दिशा बरोबर, 15 असेल तर समोरचा फलाट. हे बघायचं काम मुलाकडे द्या, तो मन लावून करेल. बाहेर पडायच्या दारांनाही नंबर असतात. हवं ते दार आधीच कागदावर लिहून ठेवा. चुकीच्या दारानं वर आलात की भलत्याच चौकात निघता आणि दमलेल्या मुलीला कडेवर घेऊन चालावं लागतं.

तिकिटासाठी विमानतळावरच वेलकम सुइका कार्ड घ्या, म्हणजे आधी पैसे भरून गेटवर टेकवायचं प्रवासाचं कार्ड. ते 28 दिवस चालतं, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून हजार-हजार येनच भरा. मुलासाठी अर्ध्या भाड्याचं मुलांचं कार्ड मागा, पासपोर्ट हाताशी ठेवा. मुलगी तुमच्यासोबत फुकट. एक कार्ड दोघांत चालत नाही, गेट बंद होतं. तसं झालंच तर घाबरू नका, गेटच्या कडेला खिडकीत माणूस असतो, कार्ड त्याला दाखवा. आणि सकाळी साडेनऊच्या आत मुलांना घेऊन गाडीत चढू नका, गर्दीत हात सुटतो.

हात सुटलाच तर काय, हे निघण्याआधी घरीच मुलांकडून पाठ करून घ्या. फलाटावर राहिलेल्यानं जागा सोडायची नाही. गाडीत राहिलेल्यानं पुढच्या स्टेशनवर उतरून तिथंच थांबायचं. मुलांनी थांबायचं, आणायला तुम्ही जायचं. दोन्हीकडचे चालायला लागले की शोधणं अवघड होतं. हॉटेलच्या काउंटरवर जपानीत छापलेलं कार्ड मिळतं. त्यामागे +91 लावून तुमचा नंबर लिहा आणि दोन्ही मुलांच्या खिशात एकेक ठेवा. मोठ्या स्टेशनांजवळ ‘कोबान’ म्हणजे पोलीस चौकी असते. पोलीस 110, ॲम्ब्युलन्स 119.

भाषांतराच्या ॲपमध्ये जपानी आणि मराठी दोन्ही आधीच डाउनलोड करा, म्हणजे टाइप केलेलं नेट नसतानाही चालेल. मात्र आपण बोलतो तसं बोलू नका. ‘जरा बघता का, सकाळपासून बरं नाहीये’ यातून बरं कुणाला नाही तेच कळत नाही. ‘माझ्या मुलीला ताप आहे. वय 5 वर्षे. डॉक्टर हवा.’ असं तुटक, पूर्ण बोला.

खरी अडचण जेवणाची आहे. नुसतं ‘मांस नको’ म्हटलंत तर माशाचं पाणी चालतं असं समोरचा धरतो. ते पाणी, म्हणजे दाशी, सूपमध्ये, नूडल्सच्या रश्शात, भाजीतही असतं. म्हणून मांस, मासे, माशाचा अर्क, अंडी (खात नसाल तर), हे चारही नकोत, असं राहत्या हॉटेलच्या काउंटरवरून जपानीत एका कागदावर लिहून घ्या आणि ऑर्डरआधी दाखवा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरपूर न्या, पण कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, फळं नकोत, विमानतळावर अडवतात. कोपऱ्यावरच्या दुकानात पाकिटातला शिजवलेला साधा भात मिळतो, तिथंच गरम करून घ्या. त्यावर चटणी घातली की मुलांचं एक जेवण झालं. पैसे हातात देऊ नका, काउंटरवरच्या छोट्या ताटलीत ठेवा. पिवळ्या, मध्ये भोक असलेल्या नाण्यावर आपल्याला वाचता येईल असा आकडा नसतो, ते 5 येनचं.

पहिल्या दिवशी हॉटेल ते स्टेशन आणि परत, एवढंच करा. दुसऱ्या दिवशी उएनोचं प्राणिसंग्रहालय. मोठ्यांना 600 येन, तुमच्या दोन्ही मुलांना फुकट. सोमवारी बंद असतं, तेवढा वार टाळा.